बरणीतला सूर्यास्त

पुण्यात माझ्या भाच्याच्या शाळेत 'इव्हेंट मॅनेजमेंट'चा तास असतो. त्याला वही आहे, प्रकल्प आहे, शेवटी प्रमाणपत्रसुद्धा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत हाच विषय गॅदरिंगच्या आधी पंधरवडाभर चालायचा, आणि प्रवेशाची अट एकच होती : नाचता येता कामा नये. मी पहिल्या फेरीतच तांत्रिक विभागात दाखल झालो.

आधी माणसं जमवायची. दिवाळी झाली की गावातले निम्मे कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागायचे. मुकादमाची उचल घेतलेली, संसार ट्रॅक्टरवर चढवलेला, त्यावर पोरं बसलेली. त्या पोरांत आमचे बहुतेक मावळे असायचे. म्हणून गुरुजींनी नियमच केला होता, मोठी भूमिका ज्याच्या घरी आजी आहे त्यालाच. आजीपाशी ठेवलेलं पोर ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत हलत नाही. अभिनयाचं नंतर बघू. एका साली अफझलखानाला आजी होती आणि महाराजांना नव्हती. प्रतापगडाच्या पायथ्याशी खान एकटाच आला, बराच वेळ थांबला, आणि पुढचा इतिहास निवेदकाने वाचून दाखवला. हंगामी वसतिगृहं निघाली तेव्हा कुठे स्वराज्याला स्थैर्य आलं.

मग तारीख. ती गुरुजी पंचांगातून काढायचे, पण उलटी. जनरेटरवाले मामा लग्नसराईत कुणाला हाती लागत नसत. पौषात लग्नं नसतात, म्हणून गॅदरिंग पौषात. थंडीने गारठलेल्या कोळिणी आणि लेझीमवाले त्यामुळेच.

जनरेटर लागायचाच, कारण ती भारनियमनाची वर्षं होती. शाळेच्या पत्र्यावर चढलं की परळीच्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसायची. १९७१पासून तिथे वीज तयार होतेय. आम्हाला त्यातला धूर तेवढा स्पष्ट दिसायचा.

आवाजाचं खातं मंडपवाल्याच्या पुतण्याकडे. आहुजाचा अँप्लिफायर आणि दोन कर्णे घेऊन तो यायचा, नि पहिल्या 'हॅलो, हॅलो'लाच सगळं सामान शिट्टी मारायचं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात जे नव्हतं ते त्याने एका वाक्यात शिकवलं, "कर्ण्याचं माईकला ऐकू आलं की दोघं भांडतेत." कर्ण्यातून निघालेला आवाज माईकात शिरतो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून निघतो, पुन्हा शिरतो. उपाय सोपा : कर्णे माईकच्या पुढे, तोंडं लोकांकडे. अंबाजोगाईहून भरून आणलेली कॅसेट पेन्सिलीने बरोबर गाण्याच्या सुरुवातीला आणून ठेवणं हे माझं खास काम. मागे-पुढे करायला टेपचं बटण दाबलं की टेप फीत खायचा, पेन्सिल खात नसे.

पण सगळ्यात अवघड खातं बक्षिसांच्या चिठ्ठ्यांचं. नाच सुरू झाला की लोकांतून चिठ्ठ्या यायच्या, अमक्या पाटलांकडून अकरा रुपये, तमक्या सरपंचांकडून एकवीस. रक्कम मोठी ती आधी वाचायची, पण पाटलांचं नाव मागे पडता कामा नये. ज्याची चिठ्ठी राहिली तो पुढच्या साली मंडपाला बांबू देणार नाही. भाच्याच्या वहीत यावर अख्खं प्रकरण हवं होतं; एक ओळ नाही.

आणि प्रकाश. गुरुजी तरुणपणी हौशी नाटकांत काम केलेले. त्यांच्याकडे डिमर होता : चिनी मातीची बरणी, त्यात मिठाचं पाणी, तळाशी एक पत्रा आणि दोरीला टांगलेला दुसरा. दोन्ही पत्रे दिव्याच्या वायरीत जोडलेले. वरचा पत्रा पाण्यात खाली सोडला की दिवा उजळतो, वर ओढला की मंदावतो. पाणी तापून वाफाळायचं. आज कुठल्या शाळेत कुणी हे केलं तर मुख्याध्यापक निलंबित होतील, आणि व्हायलाच हवेत. तेव्हा मात्र गुरुजी रबरी चपला घालून, आम्हाला दहा हात लांब उभं करून, स्वतः दोरी धरायचे. जानेवारीतच टँकर सुरू झालेल्या साली बरणीभर पाणी कलेसाठी दिल्याबद्दल शिपाईमामा दिवसभर कुरकुरले होते.

त्या साली शेतकऱ्याचं नाटक होतं. शेवटी बाप मरतो आणि सूर्यास्त होतो. गुरुजींनी पत्रा अगदी हळूहळू वर ओढला. दिवा पिवळा झाला, तांबडा झाला. काळीज हलावं असा सूर्यास्त. एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "व्होल्टेज गेलं ओ!" दुसऱ्याने वायरमनचा उद्धार केला. तिसरा जनरेटरवाल्या मामांकडे धावला, "डिझेल संपलं काय बघा!" बाया पोरांना गोळा करू लागल्या. गुरुजी घाबरले आणि त्यांनी पत्रा धपकन पाण्यात सोडला. दिवा लख्ख पेटला.

अशा टाळ्या आमच्या गॅदरिंगला कधी पडल्या नव्हत्या. शिट्ट्या काय, "आली, आली" काय! मेलेल्या बापाला वाटलं त्या आपल्याला आहेत. तो उठला, धोतर सावरलं आणि वाकून तिन्ही दिशांना नमस्कार करू लागला. तेवढ्यात माझ्या हातात चिठ्ठी आली : जनरेटरवाल्यांना, एकावन्न रुपये.