पोत्यातले इंजिन

जुन्या मोटारीचे इंजिन घरी उघडावे की मिस्त्रीच्या हवाली करावे, हा प्रश्न कागल तालुक्यातील बिद्री येथे इतर गावांपेक्षा अधिक बिकट होतो, कारण या गावात यंत्राला भिणारा माणूस सहसा आढळत नाही. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम आटोपला की तेथील यंत्रे खोलून, झिजलेले भाग बदलून पुढील हंगामासाठी पुन्हा जोडली जातात. आणि ज्या गावाला दर उन्हाळ्यात हे दृश्य परिचयाचे, तेथील गृहस्थास प्रीमियर पद्मिनीचे 1089 सीसीचे इंजिन म्हणजे किरकोळ काम वाटावे, यात नवल नाही. शिवाय नदीकाठच्या ऑइल इंजिनाचा वारसा आहेच. पाणी उपसणारे ते एका सिलिंडरचे संथ यंत्र शेतकरी बांधावरच उघडीत असे, आणि जोडल्यावर एखादा वायसर हातात उरला तरी ते बिचारे सुरू होत असे.

पद्मिनीचा स्वभाव इतका क्षमाशील नाही. कुर्ल्यात बनलेली ही मोटार मुळात फियाट 1100 ची भारतीय लेक. तिचे इंजिन ‘बसले’ असे म्हणतात तेव्हा सिलिंडरची भिंत झिजून तिचा गोलावा बिघडलेला असतो, पिस्टनवरील रिंगा दाब धरीत नाहीत, ऑइल वर चढून जळते आणि मागून निघणारा निळसर धूर सगळ्या आळीला ही वार्ता देतो. यावर उपाय म्हणजे बोअरिंग, अर्थात 68 मिलिमीटरचा मूळ व्यास किंचित वाढवून त्या मापाचे पिस्टन घालणे. तसेच क्रँक, म्हणजे पिस्टनची वरखाली फिरतीत बदलणारा दांडा, घासून घेऊन त्याला नव्या मापाची बेअरिंगे बसविणे. ही दोन्ही कामे परसात होत नसल्याने घरी काम करण्याचा निश्चय केलेल्या माणसालाही कोल्हापूरच्या उद्यमनगराची वाट धरावीच लागते. सुट्या भागांचा खर्च दोन्ही मार्गांनी सारखाच. वाचते ती केवळ मजुरी, आणि ती टॉर्क पाना, फीलर गेज व रिंगा दाबण्याचा पट्टा यांत जिरते, जी हत्यारे पुढे शेजारी मागून नेतात आणि आपलीच समजतात.

उघडणे सोपे असते, कारण त्याला मदतनीस पुष्कळ मिळतात. जोडण्याच्या दिवशी मात्र सर्वांच्या उसाला तोड आलेली असते. क्रँकला धरून ठेवणाऱ्या टोप्या ब्लॉकसोबतच कातलेल्या असल्यामुळे प्रत्येक टोपी मूळ जागी, मूळ दिशेनेच बसवावी लागते, आणि ॲल्युमिनियमचे हेड मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या जोरानेच आवळावे लागते. एरवी ते वाकते आणि गॅस्केट, म्हणजे हेड व ब्लॉक यांमधील सांधपत्रा, जळतो. खुणा न करता टोप्या एका घमेल्यात टाकणाऱ्याला हे ज्ञान घमेले भरल्यानंतर होते.

मग ते इंजिन खताच्या पोत्यातून मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री एकेक बोल्ट उजेडात धरून “हे कुणी उघडलंय?” एवढेच विचारतो, आणि उत्तरादाखल पुण्याला गेलेल्या एखाद्या मावसभावाचे नाव पुढे येते. पोत्यातल्या इंजिनाची मजुरी अखंड इंजिनापेक्षा जास्त असते, आणि हा दर न्याय्यच म्हणावा लागेल, कारण त्यात दुसऱ्याचा पराक्रम निस्तरण्याचे मोलही धरलेले असते. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार निघते, तेव्हा तिच्याही इंजिनाविषयी बिद्रीकर अधिकारवाणीने बोलतात. तिला पाना लावण्याची तयारी मात्र अद्याप कोणी दाखविलेली नाही.

अनुभवी घरांत यातून एक तोड निघाली आहे. मालकाने इंजिन उतरवावे, उद्यमनगराने कातावे, मिस्त्रीला रविवारी घरी बोलावून मटणाच्या जेवणावर जोडून घ्यावे, आणि मालकाने शेजारी बसून मागितला तो पाना द्यावा, क्वचित बरोबर मापाचा. इंजिन सुरू झाले की ते घरीच बांधल्याचे गावभर सांगितले जाते. धूर आला, तर मिस्त्रीचे नाव सांगितले जाते.