पाव टक्क्याची महागाई

महागाई फक्त पाव टक्का! ऑक्टोबर २०२५ चा सरकारी आकडा ०.२५ टक्के आला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेतला हा सर्वांत कमी दर. लगेच घराघरांतून एकच सूर लागला : मग आमचा महिन्याचा खर्च का उतरत नाही? आकडे खोटे आहेत!

आकडा खरा होता. आपण तो चुकीचा वाचला.

महागाईचा दर म्हणजे भाव वाढण्याचा वेग. वेग मंदावला म्हणून भाव माघारी फिरत नाहीत. शंभराची वस्तू एकशे सहाला गेली आणि पुढच्या वर्षी पाव टक्काच वाढली, तर ती एकशे सहा रुपये सत्तावीस पैशांना मिळते. शंभराला नाही. ‘महागाई घटली’ असा मथळा देणारे एवढी एक ओळ खाली का छापत नाहीत?

रिझर्व्ह बँकेला दिलेलं उद्दिष्टच मुळी चार टक्क्यांचं आहे. म्हणजे सगळं सुरळीत चाललं, तरी अठरा वर्षांत भाव दुप्पट. स्वस्ताई कुणी कबूलच केलेली नाही. पगार आणि पेन्शन त्या वेगानं वाढतात का, हे विचारायला हवं.

आपण विचारतो कांद्याचा भाव.

२०१२ च्या त्या मालिकेत शंभरापैकी कांद्याचा वाटा एकाहून कमी, घरभाड्याचा दहाच्या आसपास होता. फी वाढली, भाडं वाढलं, तर आपण मुकाट पैसे भरतो. कांदा वीस रुपयांनी चढला की मात्र घोषणा तयार : व्यापाऱ्यांनी साठा केला!

साठेबाज असतात, नाही कोण म्हणतं? पण उन्हाळ कांदा निघतो एप्रिल-मेमध्ये आणि चाळीत ठेवलेला तोच कांदा आपण दिवाळीपर्यंत खातो. कुणी साठवलाच नाही, तर सप्टेंबरात खाणार काय? चाळीत तो सडतो, वजनाला घटतो. त्यात नवा लाल कांदा पावसानं झोडपला की आवक तुटते आणि भाव भडकतो. इथे धाडी घालून कांदा उगवत नाही.

बरं, चढ्या भावातून शेतकरी गबर होतो म्हणावं, तर रिझर्व्ह बँकेनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बघा. आपण मोजलेल्या रुपयातले कांदा पिकवणाऱ्याला साधारण ३६ पैसे, टोमॅटोवाल्याला ३३.

आता तो पाव टक्का पुन्हा तपासा. त्या महिन्यात खाद्यपदार्थांचा दर उणे पाच टक्के होता. फी वाढतच होती, दवाखाना वाढतच होता, खाद्यतेल तर चांगलंच चढलं होतं. भाज्या आणि डाळी वर्षापूर्वीच्या भडकलेल्या भावांवरून खाली आल्या आणि त्यांनी सगळी सरासरी ओढून खाली आणली. ‘महागाई आटोक्यात’ या वाक्याची किंमत बऱ्याच अंशी शेतात मोजली गेली.

हे काही पहिल्यांदा घडलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात विकला. खर्च वजा जाता हाती पडला दोन रुपयांचा चेक. कांदा फार स्वस्त झालाय म्हणून शहरातला कोणता ग्राहक ओरडला?

त्याच वर्षी भाव चढले आणि शहरं ओरडली. सरकारला ते लगेच ऐकू गेलं. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. लासलगावचे भाव कोसळले.

बंदी उठली ४ मे २०२४ ला. नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचं मतदान होतं २० मेला. तोवर लाल कांद्याचा हंगाम संपला होता आणि तो कांदा शेतकऱ्यांनी पडेल भावानं विकून टाकला होता.