चंद्रचाल

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर पत्रे दाबण्यात ज्याच्या तारुण्याची ऐन वर्षे खर्ची पडली, त्या इसमाला संगीताचा कान आहे हेच मुळी कोणी गांभीर्याने घेत नाही. त्यातून आपण मायकल जॅक्सनचे निस्सीम भक्त असल्याची कबुली त्याने भर ओसरीवर दिली, तर तीर्थरूपांनी अडकित्ता खाली ठेवून त्याच्याकडे ज्या मुद्रेने पाहावे, त्याच मुद्रेने अण्णांनी माझ्याकडे पाहिले. १९९६ सालच्या नोव्हेंबरची पहिली तारीख मुक्रर झाली होती, दिवाळीच्या बोनसवर उचल घेऊन मी तिकीट हस्तगत केले होते, आता बाकी होती ती मंजुरी.

"गण-गवळण असते का त्यात?" अण्णांनी विचारले.

"नसते."

"मग सुरुवात कशी करतात?"

याचे उत्तर मजपाशी नव्हते. ते आणण्यासाठीच जणू मी माळीवाड्याहून रात्रीची एसटी धरली आणि माळशेज घाटाच्या वळणांवर पोटातील ऐवज कसाबसा सांभाळीत सकाळी मुंबईत दाखल झालो.

अंधेरीच्या ज्या क्रीडा संकुलात हा सोहळा होता, त्याला शहाजीराजांचे नाव आहे. आमच्या नगरच्या निजामशाहीचा कोसळता डोलारा ज्यांनी अखेरपर्यंत खांद्यावर पेलला, त्यांच्या अंगणात नगरकराला परके वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय विमानतळावर सोनाली बेंद्रे यांनी नऊवारी नेसून पाहुण्याला ओवाळल्यामुळे तो आमचा सोयरा झालाच होता. जागा मात्र अशी मिळाली की, तेथून रंगमंच म्हणजे काडेपेटी आणि जगद्विख्यात कलावंत म्हणजे तीतली एक काडी. पण शिर्डी आणि शिंगणापूर ही दोन्ही देवस्थाने ज्याच्या जिल्ह्यात आहेत, त्याला पाच तास तिष्ठून पाच पळांचे दर्शन घेण्याचा सराव असतो. मी तक्रार केली नाही.

प्रारंभीच एक अंतराळयान अवतरले आणि त्यातून चिलखतधारी पुरुष बाहेर आला. आसपासच्या सुकुमार मुंबईकरांनी कानांवर हात ठेवले. मला मात्र छातीत दणदणणारा तो ठेका इतका घरचा वाटला की, सुपरवायझर कोठे आहे हे पाहण्यासाठी मी दोनदा मान वळवली. पुढे एका गीतात चक्क रणगाडा आला आणि अवघे मैदान स्तिमित झाले. आमच्या नगरात १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयच आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवण्याचे काम माझ्याकडे असल्याने माझी मुद्रा परीक्षकाचीच राहिली. रणगाडा, खरे सांगायचे तर, वजनाला हलका वाटला.

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ती चंद्रचाल, म्हणजे पावले पुढे पडत असल्याचा भास आणि देह मात्र मागे मागे सरकतो आहे अशी ती मायावी गती, जी त्याने १९८३ साली अमेरिकेत मोटाउन कंपनीच्या रौप्यमहोत्सवात प्रथम दाखवून जगाला वेड लावले, ती सुरू झाली मात्र, आणि माझ्या पुढ्यातील गृहस्थांनी आपल्या चिरंजीवांना खांद्यावर घेतले. त्या बालकाच्या चड्डीच्या मागच्या खिशावर पिवळे बदक होते, एवढे मी आजही शपथेवर सांगू शकेन.

"सुरुवातीला यानातून उतरतो," परतल्यावर मी अण्णांना सांगितले.

"आपल्याकडे विमान शेवटी येतं," सुपारी कातरीत ते म्हणाले, "आणि माणूस त्यात बसून जातो."

पुढची कथा कागदोपत्री आहे. कार्यक्रम शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी, सबब सरकारने करमणूक कर माफ केला. त्या माफीविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत उच्च न्यायालयात गेली आणि तीन कोटींहून अधिक रकमेचे भिजत घोंगडे पडले. २००९ साली खुद्द नर्तक निवर्तला, तरी प्रकरण चालूच होते; २०११ साली न्यायालयाने माफीचा फेरविचार करण्यास फर्मावले; आणि शेरे, टिपणे, तारखा अशी एकेक पावले पुढे टाकीत टाकीत ती फाईल जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळापुढे येऊन, कर माफ, या आपल्या मूळ जागी पोहोचली.

ती बातमी मी ओसरीवर बसून, मध्ये कोणाचेही चिरंजीव न येता, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.