वाढत्या अंगाचे दात

शाळेची खरेदी करायला निघालेली आक्का ओळखायची तर चेहरा बघू नये, पिशव्या बघाव्यात. मे महिना संपत आला की खडेबाजारात ती हटकून दिसते. एका हातात वह्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात बुटांचा खोका, काखेत ब्राऊन पेपरची गुंडाळी आणि मागं चार पोरं. त्यातलं एखादंच तिच्या पोटचं. बाकीची दिराची, नणंदेची आणि समोरच्या बिऱ्हाडातली, "तुम्ही जातायच तर ह्यालाबी न्या की" म्हणून गळ्यात घातलेली. इकडं शाळा जूनच्या तोंडावर उघडतात, वळवानं चिखल करून ठेवलेला असतो आणि अख्खं बेळगाव एकाच संध्याकाळी गणपत गल्लीतून खडेबाजारात उतरतं. त्या गर्दीत आक्का कोपर न लावता वाट काढते. लोकच बाजूला होतात.

तिच्या खरेदीचं सूत्र एकच: वाढत्या अंगाचं. शर्टाच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत, चड्डी पट्ट्याच्या भरवशावर, बुटाच्या नाकात कापसाचा बोळा. रेनकोट असा की आषाढात त्यात दोन पोरं मावावीत. दुकानदार माप घ्यायला टेप काढतो, तेव्हा ती म्हणते, "आजचं माप कशाला घेतासा? पुढल्या वर्षीचं घ्या की."

आणि या यादीत, कंपासपेटीच्या खाली, शेवटची ओळ असते: दात.

ही ओळ फार कमी आयांच्या यादीत सापडते. बूट शाळेच्या फाटकात दिसतात, दप्तर दिसतं, दात कुणाला दिसतात? आक्काला हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही, खर्चातून आलंय. एका वर्षी ऐन घटक चाचणीत दिराच्या धाकट्याचा गाल पुरणपोळीसारखा टम्म फुगला. पोरगं चार दिवस घरी, शिकवणीची फी चालू, डबा वाया. तेव्हापासून शाळा उघडायच्या आत दाताचं काम उरकायचं, हा तिच्या घरचा कायदा.

त्याची पहिली सुनावणी घराच्या पायरीवर होते. पोरांना उंचीप्रमाणे उभं करायचं, मोबाईलची बॅटरी लावायची, पदरानं अंगठा पुसायचा आणि तोच अंगठा गालात घालून गाल बाजूला ओढायचा. "आ कर. आणि मोठा. घशातली पडजीभ नको दावूस, दाढ दाव." आक्काचा अंगठा एकदा आत गेला की पोराला खोटं बोलता येत नाही. कुणी करदंट खाल्लं, कधी खाल्लं, त्यातला डिंक अजून कुठल्या दाढेत बसलाय, सगळं बाहेर येतं. गोकाकहून पाहुणे आले की करदंट येतंच आणि गावातल्या गावात कुंदा तर असतोच; बेळगावात राहून पोराला गोडापासून लांब ठेवणं आक्कालाही जमलेलं नाही.

मधल्याचा पुढचा दात हलत होता. तो जिभेनं ढकलायचा, परत जागेवर आणायचा, पण ओढू द्यायचा नाही. कट्ट्यावरून अज्जा म्हणाले, "राहू दे गो, आमचा सीमाप्रश्न 1956 पासून हलालाय. ह्याचा निदान शाळा उघडायच्या आत निकाल लागंल."

सीमेचा फटका आक्काला वेगळ्याच बाजूनं बसतो. नणंदेचा मुलगा गडहिंग्लजचा, म्हणजे महाराष्ट्राच्या शाळेचा. त्याची शाळा जूनच्या मध्यावर. बेळगावची पोरं ब्रश करून नऊ वाजता अंथरुणात, आणि हा पंधरा दिवसांच्या जादा सुट्टीच्या जोरावर त्यांच्यादेखत चॉकलेट चघळतोय. आक्कानं त्यालाही रांगेत उभं केलं. "दाताला राज्य नसतंय," एवढंच म्हणाली.

तिची खरी लढाई मात्र घरातच आहे, सासूबाईंशी. सासूबाई निपाणीकडच्या, तंबाखूच्या मुलखातल्या. सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची आणि डब्यात भरून ठेवायची, ही त्यांची आयुष्यभराची रीत. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं 1992 साली बंदी केली खरी, पण ती कारखान्यांना. सासूबाईंच्या तव्यापर्यंत कोण पोचणार? एकदा धाकटी नात अज्जीसारखंच बोट दातांवर फिरवत बसलेली आक्कानं पाहिली. त्या दिवसापासून मशेरीचा डबा माळ्यावर गेला. दोघी त्यावर एक शब्द बोलत नाहीत. सासूबाई स्टूल मागतात, आक्का स्टूल मोडलंय म्हणते.

मग दवाखाना. बेळगावात दातांची दोन कॉलेजं, नेहरूनगरात केएलईचं आणि बॉक्साईट रोडला मराठा मंडळाचं. त्यामुळं दातांचे डॉक्टर गल्लोगल्ली. आक्काचा डॉक्टर ठरलेला. पोरगं खुर्चीत बसलं की तो "बायि तेगी" म्हणतो, मग "आ कर" म्हणतो, मग "ओपन" म्हणतो. पोराला तिन्ही भाषा येतात. ते तिन्ही भाषांत तोंड मिटून बसतं. मग आक्का नुसता घसा खाकरते.

खडेबाजारात शिकलेली घासाघीस इथंही चालूच. "चौघं आणलीत डॉक्टर. चौथ्याचं कायतरी बघा की." डॉक्टरनं मोठीच्या मागच्या दाढेवर बोट ठेवलं, खाचेत काळी रेघ होती. आक्कानं हिशेब तयारच ठेवला होता: "ती दुधाची नव्हं? पडंल की. पडायच्या मालावर कशाला खर्च?"

"ही दुधाची नव्हे, आक्का. सहाव्या वर्षी येते ती. दुधाच्या दाढांच्या मागं गुपचूप उगवते, कुठला दात पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ही पडायची नाही. म्हातारपणापर्यंत हीच."

आक्का गप्प झाली. असं क्वचित होतं. मालाची जातच बदलली होती. "म्हणजे पक्का माल," ती म्हणाली, "मग हिला चांगलं घाला. हलकं नको." धाकट्याच्या त्याच दाढा नुकत्या वर येत होत्या, किडल्या नव्हत्या. पूर्ण वर आल्या की त्यांच्या खाचा पातळ लेपानं बंद करून घेता येतील, असं डॉक्टर म्हणाला. "म्हणजे रेनकोट," आक्कानं तिथल्या तिथं निकाल दिला, "पावसाच्या आधी."

डॉक्टरचं गोडाबद्दलचं व्याख्यानही तिनं आपल्या पद्धतीनं पचवलं. किती खाल्लं त्यापेक्षा कितीदा खाल्लं याला महत्त्व. प्रत्येक वेळी गोड तोंडात गेलं की पुढं अर्धा तास तरी तोंडात आम्ल दातांना खात राहतं. आक्कानं घरी जाऊन जाहीर केलं: कुंदा जेवणाबरोबर, एकदाच, पोटभर. दिवसभर येता-जाता चिमटा घ्यायचा नाही. पोरांना हा नियम फार आवडला. झोपेत लाळ कमी होते म्हणून रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, हेही तिनं उचललं. रात्रीच्या ब्रशनंतर तिच्या घरात दूधसुद्धा मिळत नाही. राकसकोपचं पाणी प्या आणि झोपा. पेस्ट वाटाण्याएवढीच, हे तर तिला सांगावंच लागलं नाही. काटकसर तिला कधी शिकवावी लागली नाही. जुने ब्रश ती टाकत नाही. एक शिलाई मशीनला, एक बांगड्यांना, एक खास अज्जांच्या कलपाला.

चौघं उतरली, बिल झालं, चौथ्याचं कायतरी बघून झालं. आक्कानं टेबलावरच्या वाटीतला शेंगदाण्याचा दाणा उचलला आणि नेहमीसारखा उजव्या बाजूनं चावला. डॉक्टर बराच वेळ बघत होता.

"डावीकडं दुखालंय काय आक्का? बसा की खुर्चीत, बघूया."

आक्कानं पिशव्या उचलल्या, पोरं मोजली आणि दारातूनच म्हणाली, "माझी काय शाळा उघडालीया?"