चौऱ्याऐंशीचा फेरा

थांबण्याची परीक्षा घेतली तर भंडारा जिल्हा राज्यात पहिला येईल. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसली. तो पहिला डोस. अंदाजित खर्च होता ३७२ कोटी. २००९ मध्ये प्रकल्प ‘राष्ट्रीय’ झाला, खर्च हजारो कोटींवर गेला आणि २०२१ उजाडलं तरी कालव्यांची कामं चालूच होती. दुसरा डोस यायचाच होता. आधारभूत केंद्रावर धान टाकायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहत बँकेचे उंबरे झिजवायचे, हा तर इथला सालाबादचा व्यायाम. त्यामुळे कोरोनावरच्या कोविशिल्ड लसीच्या दुसऱ्या डोससाठी आणखी थोडं थांबा, असा हुकूम आला तेव्हा इथे कोणी दचकलं नाही. दचकले ते कारण ऐकून. थांबणं तुमच्याच तब्येतीला चांगलं, असं कारण धरणवाल्यांनाही तेहतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

हिशेब कागदावर मांडून पाहा. लाखांदूरकडच्या एका पासष्टीच्या बावाजींनी २ मार्च २०२१ ला पहिला डोस घेतला असं धरा. साठीवरच्यांसाठी लस आदल्याच दिवशी खुली झाली होती. सिस्टर म्हणाल्या, अठ्ठावीस दिवसांनी या. म्हणजे ३० मार्च. पण २२ मार्चला केंद्राचं पत्र निघालं की अंतर आता सहा ते आठ आठवडे ठेवा. बावाजींची मुदत २७ एप्रिलपर्यंत सरकली. एप्रिलअखेर गेले तर दारावर पाटी: ‘लस उपलब्ध नाही’. मग १३ मे रोजी दिल्लीहून तिसरं अंतर आलं, बारा ते सोळा आठवडे. किमान ८४ दिवस, म्हणजे २५ मे. गंमत पाहा, १२ मे रोजी बावाजींची मुदत टळून गेलेली होती आणि १३ मे रोजी ते वेळेआधीच येऊन बसले होते. दंडाला सुई न लागता एका रात्रीत म्हातारा थकबाकीदाराचा उतावळा झाला. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरल्याशिवाय सुटका नाही, हे त्यांनी कीर्तनात ऐकलं होतं. लसनोंदणीच्या कोविन पोर्टलने तेवढंच दिवसांत बसवून दिलं.

यातून एक नियम हाती लागतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो घ्यायला हरकत नाही. दोन डोसमधलं अंतर गोदामातल्या साठ्याच्या व्यस्त प्रमाणात असतं. साठा आटला की अंतर फुगतं, साठा फुगला की अंतर आटतं. प्रसिद्धिपत्रक मात्र दोन्ही वेळा एकच असतं: निर्णय पूर्णपणे शास्त्रीय आधारावर घेतला आहे.

नियमाची सिद्धता मे महिन्याच्या त्या पंधरवड्यात मिळते. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली. बारा कोटी डोसचे पैसे एका चेकने द्यायला महाराष्ट्र तयार होता, पण चेक वटवायला दुकानात माल हवा ना! कोविशिल्ड बनत होती पुण्यात, आणि आपल्या आरोग्य केंद्राची शीतपेटी मात्र रिकामी. ११ मेला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी तरुणांसाठी आणलेला साठा पंचेचाळिशीवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवत असल्याचं जाहीर केलं. मुंबई म्हणाली, माल नाही. दोन दिवसांनी दिल्ली म्हणाली, थांबण्यातच शहाणपण आहे. एकाच कोरड्या विहिरीवरचे हे दोन अहवाल होते.

आता दिल्लीची बाजू घेतो, कारण शास्त्र खोटं नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांचे आकडे आले. दोन डोस सहा आठवड्यांच्या आत दिले तर लसीचा प्रभाव ५५.१ टक्के, बारा आठवडे किंवा जास्त थांबलं तर ८१.३ टक्के. मधल्या काळात एकटा पहिला डोसही बरंच काम करत होता. मजेची गोष्ट अशी की हे अंतर तिथेही कोणी मुहूर्त काढून ठरवलेलं नव्हतं. ब्रिटनमधल्या चाचणीत आधी एकच डोस द्यायचा बेत होता, मग दोन ठरले, लस तयार व्हायला वेळ लागला आणि लोक थांबले. थांबल्याचा फायदा नंतर दिसला. म्हणजे उशिरातून शास्त्र जन्माला येऊ शकतं, हे खरं आहे. आपण एवढंच केलं की उशीर होण्याआधीच बारशाचे पेढे वाटले.

ब्रिटननेही ३० डिसेंबर २०२० ला अंतर बारा आठवड्यांपर्यंत नेलं होतं. पण सांगताना सरळ सांगितलं: लस मोजकी आहे, थोड्यांना दोन देण्यापेक्षा अनेकांना एक देऊ, जीव जास्त वाचतील. यात लाजण्यासारखं काय होतं? भरल्या पंगतीत भात कमी पडला तर यजमान वाढपी थांबवून तसं सांगतो. अर्धपोटी उठण्याचे आयुर्वेदिक लाभ तो ऐकवत नाही.

पुढचा विनोद कॅलेंडरने स्वतःच केला. १३ मेला भारताने अंतर वाढवलं आणि १४ मेला ब्रिटनने पन्नाशीवरच्यांसाठी ते बारावरून आठ आठवड्यांवर आणलं. कारण आपल्याकडूनच तिकडे गेलेला विषाणूचा अवतार. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचं ‘डेल्टा’ असं बारसं महिन्याअखेर केलं. २२ मेला इंग्लंडच्या आरोग्य खात्याने आकडे दिले: डेल्टाच्या लक्षणांपासून एका डोसने सुमारे ३३ टक्के संरक्षण, ॲस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्या कोविशिल्डच्याच, दोन डोसनी सुमारे ६० टक्के. इस्पितळात जाण्यापासून एक डोसही बराच वाचवत होता, हे पुढे कळलं. म्हणजे तराजूची दोन्ही पारडी भरलेली होती आणि शहाणी माणसं दोन्हीकडे होती. पण जूनमध्ये केंद्राच्या लसीकरणविषयक सल्लागार गटातलेच डॉ. एम. डी. गुप्ते आणि आणखी दोन शास्त्रज्ञ ‘रॉयटर्स’ला म्हणाले की आठ ते बारा आठवडे आम्हाला मान्य होते, बारा ते सोळासाठी पुरेशी माहितीच नव्हती. गटाचे अध्यक्ष डॉ. एन. के. अरोरा म्हणाले, निर्णय शास्त्रीयच आहे. आठ आणि सोळा यांच्यामध्ये जेवढं शास्त्र मावतं, तेवढं मावलं.

मग ७ जूनचा आदेश आला आणि शरीरशास्त्राला नवं दालन मिळालं. परदेशी शिकायला, नोकरीला किंवा टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांना दुसरा डोस २८ दिवसांनी मिळू लागला. बोर्डिंग पास असलेल्याला २८, एसटीचा पास असलेल्याला ८४. अँटिबॉडी तयार करण्यापूर्वी माणसाचं रक्त पासपोर्ट तपासतं, हा शोध नोबेलपासून कसा वंचित राहिला कळत नाही. केरळ उच्च न्यायालयात कायटेक्स कंपनीने जवळपास हेच विचारलं. पैसे मोजून लस घेणाऱ्यांनाही चार आठवड्यांची मुभा द्या, असं एकल पीठाने सप्टेंबरमध्ये सांगितलं. पुढे खंडपीठाने ते फिरवलं. पासपोर्ट पुन्हा रक्तात शिरला.

इकडे गावात या शास्त्राचा भार उचलत होती आशाताई. जानेवारीपासून तिने तीन वेगवेगळी अंतरं तितक्याच ठामपणे सांगितली. वाढीव मानधनासाठी राज्यभरच्या आशा १५ जूनला संपावर गेल्या, तेव्हा निदान काही दिवस तरी नवं अंतर समजावण्यातून त्यांची सुटका झाली असेल. पारावरचा संवाद साधारण असा चाले:

“काहून जी ताई, आधी अठ्ठावीस दिवस म्हनत होत्या, आता चौऱ्याऐंशी कसे झाले?”

“शास्त्रज्ञ म्हणतात भाऊ, उशिरा घेतली की जास्त चांगली लागते.”

“मंग आधी लवकर काहून बलावलं?”

या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच परिपत्रकात नव्हतं. शिवाय मेच्या मध्यावर पहिला डोस घेतलेल्याचे ८४ दिवस भरतात ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ऐन रोवणीत. रोवणीच्या दिवसांत बाईमाणूस चिखलातून बाहेर येत नाही. वर्षातली हुकमी मजुरी तीच. लसीने रात्री कणकण आली की दुसऱ्या दिवशीचा रोज बुडाला. दिल्लीच्या गटात साथरोगतज्ज्ञ होते, विषाणूतज्ज्ञ होते. आश्लेषा नक्षत्र कधी लागतं हे सांगणारा एखादा कास्तकार बसवला असता तर अंतर अधिक शास्त्रीय झालं असतं.

या जिल्ह्याशी खरं बोलण्याचं आणखी एक कारण होतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचा आदेश त्यानंतर निघाला. एका आठवड्याने, १६ जानेवारीला, देशात लसीकरण सुरू झालं. सरकारी दवाखान्याकडे दंड पुढे करा असं ज्यांना सांगायचं होतं, ती ही माणसं होती. त्यांनी दंड पुढे केला. एप्रिलमध्ये जिल्ह्यात बारा हजारांहून अधिक सक्रिय रुग्ण होते, आणि ६ ऑगस्टला शेवटचा रुग्ण घरी जाऊन भंडारा राज्यातला पहिला कोरोनामुक्त जिल्हा ठरला. त्या दिवशी बहुतेकांचा दुसरा डोस बाकीच होता. कोरोनाने मैदान सोडलं, तरी दुसऱ्या डोसचं बोलावणं आलेलं नव्हतं.

आता नियमाचा उत्तरार्ध. थांबणं चांगलं, हे लोकांनी इतकं मनावर घेतलं की ऑक्टोबरअखेर मुदत उलटून गेलेल्यांचा आकडा देशात दहा कोटींपलीकडे गेला. त्यांना शोधायला ३ नोव्हेंबरला ‘हर घर दस्तक’ मोहीम निघाली. मेमध्ये पोर्टलचं दार वाजवणाऱ्यांच्या दारावर नोव्हेंबरमध्ये सरकार टकटक करू लागलं. लस खपेना म्हणून ती बनवणाऱ्या सीरमने डिसेंबरअखेर कोविशिल्डचं उत्पादन थांबवलं, तरी सुमारे वीस कोटी डोस त्यांच्याकडे पडून राहिले. आणि काय आश्चर्य, मार्च २०२२ मध्ये सल्लागार गटाला आठ आठवड्यांचं अंतरही चालेल असं वाटू लागलं. तिसऱ्या डोससाठी जानेवारीत नऊ महिने हवे होते, जुलैत सहा पुरले, वर पंचाहत्तर दिवस फुकट. दंड तोच, लस तीच. बदललं ते फक्त गोदाम.

पुढची साथ येईल तेव्हा मागणी एवढीच. अंतराचा आदेश काढताना त्याच कागदावर, सहीच्या वर, त्या दिवशीचा साठाही छापा. अंतर का वाढवलं आणि माल किती आहे, हे दोन्ही शेजारी शेजारी दिसू द्या. लस नाही म्हणालात तर भंडाऱ्याचा माणूस मुकाट्याने थांबेल, त्याच्या सहनशीलतेची चाचणी १९८८ पासून चालू आहे. फक्त तुटवड्याला औषध म्हणू नका. आणि म्हणायचंच असेल, तर लस मिळाल्याच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा फोटो छापलात, तसा लस नसल्याच्या पाटीवरही छापा.