शून्य कुठल्या मजल्यावर?

इंदूरच्या राजेंद्र नगरात हल्ली कुठल्याही सत्काराला जा, एखादा तरुण 'क्रिएटिव्ह उद्योजक' माइक हातात घेऊन सांगतोच, की आपण शून्यातून सुरुवात केली. हे शून्य बाबांच्या दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं, भाडं माफ होतं आणि पहिली गिऱ्हाइकं म्हणजे काका-मामाच, एवढा तपशील भाषणात मावत नाही.

त्यापेक्षा इंदूरचे होळकर महाराज बरे. यशवंतराव दुसरे 1926 साली गादीवर आले, ते वडिलांना गादी सोडावी लागली म्हणून. त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेतला, शिल्पकार ब्रांकुसीची तीन 'पक्षी' शिल्पं विकत घेतली. पैसा वारशाचा. नजर त्यांची स्वतःची, हे मला मान्य आहे. पण ऑक्सफर्ड आणि युरोपची वारी कुणाच्या खर्चाने झाली, हेही विचारावंच लागतं. असो, 'सेल्फमेड' म्हणवून घ्यायची महाराजांना गरज पडली नाही.

याच इंदुरात कलाशिक्षक देवळालीकरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे शिकले, हुसेनही शिकले. हुसेन पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत होते. शून्यावर व्याख्यान द्यायचा खरा हक्क त्यांचा.

माणिकबागेत आता करखात्याचं कार्यालय आहे. तिथे वस्तू-सेवा कराचा कारभार चालतो. वारशावरचा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, मात्र देशाने 1985 सालीच रद्द केला.