तेरा महिन्यांचं वर्ष

लालबागच्या मूर्तिकाराला ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ असं विचारणं म्हणजे हापूसवाल्याला कार्तिकातला धंदा विचारणं. तरी निवृत्तीच्या योजनांचे फॉर्म हेच विचारतात. एक तारखेला पगार, पाच तारखेला एसआयपी, साठाव्या वर्षी शाल-श्रीफळ, असं त्यांनी धरूनच चाललेलं असतं. गिरणगावात हे एकेकाळी खरंही होतं. भोंगा वाजायचा, पगार व्हायचा, फंड कापला जायचा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कित्येकांचा फंड म्हातारपणाची वाट न बघता वाण्याच्या उधारीत गेला.

मूर्तिकाराचा पगार बाप्पा करतो, आणि बाप्पा पंचांग बघून येतो. 2024 मध्ये तो 7 सप्टेंबरला आला, पुढच्या वर्षी 27 ऑगस्टला. 354 दिवसांत वर्ष आटोपलं. पण 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून बाप्पा थेट 14 सप्टेंबरला. दोन हंगामांत 383 दिवसांचं अंतर! दूधवाला काही अधिक मास सोडून बिल लावत नाही. उलट जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे असतात.

बरं, भाद्रपदात दिसणारा ढीग तरी कुठे सगळा त्याचा? बयाणा प्लॅस्टर, काथ्या, रंग, मांडवाचं भाडं आणि कारागिरांची मजुरी यातच मुरलेला. उरलेली रक्कम मंडळाचे खजिनदार विसर्जनानंतर देणार, म्हणजे सवडीनं. नवरात्रातल्या देवी आणि माघी गणपती यांचा काय तो आधार.

अशा माणसानं, माझ्या मते, सरासरीच्या नादाला लागूच नये. 2020 मध्ये सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा आली आणि उंच मूर्तींवर ज्यांचा संसार उभा, त्यांची सरासरीही तेवढीच बुटकी झाली. दादरला शिवाजी मंदिरात ‘नाईट’वर जगणाऱ्या नटांना तर मार्च 2020 पासून कित्येक महिने नाईटच नव्हती.

म्हणून आधी तेरा महिन्यांचा घरखर्च बाजूला. बारा नव्हे, तेरा. तो लिक्विड फंडात ठेवून दरमहा ठरावीक रक्कम काढायची. आपला पगार आपणच करायचा, आपणच रागवायचं. त्यातून उरलं तर पीपीएफ. हे खातं हंगामी माणसाच्या स्वभावाचं आहे. वर्षाला किमान 500 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, एकरकमी भरले तरी त्याची तक्रार नाही. फक्त महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरावे, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज बुडतं. पंधरा वर्षांची मुदत, आणि कर्जवसुलीसाठी कोर्टालाही त्यावर जप्ती आणता येत नाही. उधारीवर रंग आणणाऱ्याला याचं मोल कळतं. एनपीएसही 2009 पासून सर्वांना खुली आहे आणि वर्षाला 1000 रुपयांत जिवंत राहते.

खरी पंचाईत निवृत्तीच्या वयाची. आमच्या ओळखीच्या एका मूर्तिकारांनी साठीनंतर कारखाना मुलाकडे सोपवला. आता ते फक्त मूर्तीचे डोळे आखायला जातात. चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस ती ‘फक्त’ आखणी रात्री दोनपर्यंत चालते, आणि तिची मजुरी मुलानं अजून ठरवलेली नाही. वडिलांनीही मागितलेली नाही; पण गेल्या अधिक मासात जावयाचे अनारसे मात्र मुलाच्या खात्यावर टाकले.